लिओनार्दो दा व्हिंचीनं नोकरीच्या अर्जात चित्रकला सगळ्यात शेवटी का लिहिली होती?

नोकरी शोधायला सुरुवात केली की पहिलं काम असतं बायोडेटा तयार करण्याचं. नाव, शिक्षण, अनुभव, छंद असं सगळं एका पानावर भरायचं आणि तेच पान पन्नास ठिकाणी पाठवायचं. मग उत्तराची वाट बघायची.

सोशल मीडियावर अधूनमधून एक पोस्ट फिरत असते. जगातला पहिला बायोडेटा लिओनार्दो दा व्हिंचीनं लिहिला आणि त्या एका कागदावर त्याला राजदरबारी नोकरी लागली, असं त्यात सांगितलेलं असतं. यातलं अर्धं खरं आहे. लिओनार्दोनं असा अर्ज तयार केला होता आणि त्याचा मसुदा आजही मिलान शहरातल्या आंब्रोसियाना ग्रंथालयात जपून ठेवलाय. पण पुढे जे घडलं ते त्या पोस्टपेक्षा बरंच वेगळं आहे.

हा अर्ज लिहिणारा माणूस तेव्हा जगप्रसिद्ध नव्हता. मोनालिसा आणि द लास्ट सपर ही दोन्ही चित्रं अजून काढायची होती. तो तिशीतला, हातातली कामं अर्धवट सोडणारा म्हणून ओळखला जाणारा एक चित्रकार होता.

वडिलांचा धंदा मुलाला बंद होता

लिओनार्दोचा जन्म 15 एप्रिल 1452 चा. इटलीतल्या टस्कनी भागात, व्हिंची नावाच्या छोट्या गावाच्या परिसरात तो जन्मला. 'दा व्हिंची' हे काही त्याचं आडनाव नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की व्हिंची गावचा. आपल्याकडे गावावरून सातारकर, नागपूरकर म्हणतात, तसंच हे.

त्याचे वडील सेर पिएरो हे नोटरी होते. करारनामे, मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार अशी कागदपत्रं करणं हा त्यांचा व्यवसाय. त्या काळात या कामाला पैसाही होता आणि मानही होता. घरात हा पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. त्याच वाटेनं पोरगाही गेला असता.

पण लिओनार्दोची आई कातेरिना ही साधी खेड्यातली मुलगी होती आणि तिचं सेर पिएरो यांच्याशी लग्न झालेलं नव्हतं. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांना नोटरींच्या संघात घेत नसत. त्यामुळे वडिलांचा धंदा लिओनार्दोसाठी जन्मापासूनच बंद होता.

याचा परिणाम शिक्षणावरही झाला. त्या काळी विद्वान म्हणवून घ्यायचं तर लॅटिन यायला हवं. लिओनार्दोचं शिक्षण जुजबी झालं. थोडं वाचन-लेखन आणि थोडा हिशोब, एवढंच. लॅटिन त्याला नीट येत नव्हतं आणि ही गोष्ट त्याला आयुष्यभर टोचत राहिली. पुढे पंडित मंडळी त्याला अशिक्षित समजत, याची चीड त्यानं वहीत लिहून ठेवलेली आहे.

आजच्या भाषेत सांगायचं तर 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात लिहायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

कारखान्यात घेतलेलं शिक्षण

चौदा-पंधरा वर्षांचा असताना तो फ्लॉरेन्समध्ये आंद्रेआ देल व्हेरोक्किओ या नावाजलेल्या कलाकाराच्या हाताखाली लागला. व्हेरोक्किओचा स्टुडिओ म्हणजे खरं तर कारखानाच होता. तिथं चित्रं काढली जात, संगमरवराच्या मूर्ती घडत, ब्राँझचं ओतकाम होई, सोनारकामही चाले.

1471 मध्ये फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर तांब्याचा एक प्रचंड गोळा बसवण्यात आला. तो व्हेरोक्किओच्या कारखान्यात बनला होता. इतकं वजन इतक्या उंचीवर चढवायचं तर मोठी यंत्रं लागली. तरुण लिओनार्दो ते बघत होता. त्या घुमटाच्या बांधकामासाठी वापरलेल्या याऱ्यांची आणि कप्प्यांची रेखाटनं पुढे त्याच्या कागदांमध्ये सापडली.

म्हणजे पदवी नसली तरी हाताला काम होतं. धातू कसा वितळतो, वजन कसं उचललं जातं, लाकडाचा सांधा कुठे तुटतो हे त्याला पुस्तकातून नाही, तर प्रत्यक्ष बघून कळत होतं. 1472 मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या संघात त्याच्या नावाची नोंद झाली. म्हणजे विसाव्या वर्षी तो स्वतंत्र काम घ्यायला मोकळा झाला होता.

पण कामं पूर्ण होत नव्हती

पुढची दहा वर्षं मात्र त्याच्या नावावर फारसं काही जमा झालं नाही.

1478 मध्ये फ्लॉरेन्सच्या सरकारी वाड्यातल्या प्रार्थनाघरासाठी त्याला एक मोठं चित्र काढायचं काम मिळालं. आगाऊ रक्कमही हातात पडली. ते चित्र त्यानं कधी पूर्ण केलं नाही. 1481 मध्ये शहराबाहेरच्या एका मठानं त्याला येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांचं चित्र सांगितलं. दोन-अडीच वर्षांची मुदत ठरली. तेही अर्धवटच राहिलं. आज फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात लोक ते अपुरं चित्र बघायला गर्दी करतात. पण त्या वेळी मठातल्या लोकांना त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी शेवटी फिलिप्पिनो लिप्पी या दुसऱ्या चित्रकाराकडून काम करून घेतलं आणि ते 1496 मध्ये त्यांच्या हातात पडलं.

त्याच 1481 मध्ये पोपनं रोमच्या सिस्टीन चॅपेलच्या भिंती रंगवायला चित्रकार बोलावले. बोत्तिचेल्ली गेला, घिरलांदायो गेला, पेरुजिनो गेला. ही सगळी फ्लॉरेन्समध्ये काम करणारी, लिओनार्दोच्या ओळखीची माणसं. त्या यादीत लिओनार्दोचं नाव नव्हतं.

सोबतचे पुढे निघून गेले होते. वय तीसच्या घरात आलेलं, घराण्याचा आधार नाही, पदवी नाही आणि मोठ्या कामांपैकी दोन अर्धवट. अशा अवस्थेत त्यानं शहर बदलायचं ठरवलं.

मिलानच का?

साधारण 1482 च्या सुमारास तो फ्लॉरेन्सहून उत्तरेला मिलानला गेला. तिथं सत्ता होती लुदोविको स्फोर्झा याच्या हातात. त्याला लोक 'इल मोरो' म्हणत.

लुदोविको कागदोपत्री ड्यूक नव्हता. गादी त्याच्या लहान पुतण्याची होती आणि काका त्याच्या नावानं कारभार बघत होता. पेशवाईत काका-पुतण्याचं राजकारण ऐकलेल्या मराठी माणसाला हे काही नवीन वाटणार नाही. लुदोविकोचे वडील फ्रान्चेस्को स्फोर्झा हे भाडोत्री सैन्याचे सेनापती होते आणि 1450 मध्ये त्यांनी स्वतःच्या बळावर मिलानची गादी मिळवली होती. म्हणजे घराणं जुनं नव्हतं आणि लुदोविकोचा हक्क तर त्याहून कच्चा होता.

त्यातच 1482 मध्ये व्हेनिस आणि फेरारा यांच्यात युद्ध पेटलं. मिलान फेराराच्या बाजूनं होतं. व्हेनिस म्हणजे मोठं आरमार असलेलं राज्य.

थोडक्यात, लुदोविकोच्या डोक्यात त्या वेळी दोन गोष्टी होत्या. पहिली युद्ध. दुसरी आपल्या घराण्याचा दबदबा. चित्रकारांची त्याच्याकडे तशी कमतरता नव्हती.

जुन्या चरित्रकारांनी सांगितलंय, की लिओनार्दो मिलानला गेला तो वादक म्हणून. लायरा नावाचं तंतुवाद्य तो उत्तम वाजवायचा. फ्लॉरेन्सचे सत्ताधीश लोरेन्झो दे मेदिची यांनी त्याला हे वाद्य भेट म्हणून घेऊन मिलानला पाठवलं, असं ही चरित्रं सांगतात. म्हणजे दारातून आत जायला त्याच्याकडे ओळख होती. पण दरबारात टिकायचं तर गाणं-बजावणं पुरेसं नव्हतं. म्हणून त्यानं तो अर्ज तयार केला.

त्या अर्जात होतं तरी काय?

अर्जाचा आराखडा आजही कुणालाही समजेल इतका सरळ आहे. मुद्दे क्रमांक देऊन लिहिलेत. असे एकूण दहा मुद्दे आहेत.

सुरुवातीलाच तो सांगतो, की युद्धयंत्रांचे जाणकार म्हणवणाऱ्यांचं काम त्यानं नीट पाहिलंय आणि त्यात नवीन असं काही नाही. कुणाला कमी लेखण्याचा हेतू नसल्याचंही तो लगेच जोडतो. मग मुद्दे सुरू होतात.

हलके, मजबूत आणि सहज वाहून नेता येतील असे पूल. शत्रूचे पूल जाळायच्या युक्त्या. वेढा पडल्यावर खंदकातलं पाणी काढून टाकायचे उपाय. तोफांना दाद न देणारा किल्ला पाडायची पद्धत. लहान दगडांचा पाऊस पाडणाऱ्या, इकडून तिकडे नेता येणाऱ्या तोफा. आवाज न करता खणायची भुयारं, तीही खंदकाखालून किंवा नदीखालून. सैनिकांना आडोसा देणाऱ्या बंद गाड्या. जिथं तोफ चालणार नाही तिथं दगडफेकी यंत्रं. आणि समुद्रावर लढायची वेळ आली तर जहाजांसाठी वेगळी साधनं.

मिलानला समुद्रकिनारा नाही. तरीही अर्जात समुद्रातल्या लढाईचा मुद्दा आहे. समोर व्हेनिस होतं हे लक्षात घेतलं, की त्याचं कारण कळतं.

असे नऊ मुद्दे युद्धाचे. दहाव्या मुद्द्यात तो शांततेच्या काळाकडे वळतो. इमारती बांधता येतात, पाणी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येतं, संगमरवर, ब्राँझ आणि मातीत मूर्ती घडवता येतात. आणि मग, अगदी शेवटाकडे, चित्रकला. चित्र काढण्यात तो कुणाच्याही मागे नाही, असं एका ओळीत उरकलंय.

आज ज्या कामासाठी सगळं जग त्याला ओळखतं, त्याला त्यानं स्वतःच्या अर्जात जेमतेम एवढीच जागा दिली.

त्यानंतर आणखी एक गोष्ट येते आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. लुदोविकोच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा भव्य घोडा उभारायचा विचार स्फोर्झा घराण्यात 1470 च्या दशकापासून सुरू होता. ते काम हाती घ्यायची तयारी लिओनार्दो दाखवतो. ज्याचा हक्क कच्चा आहे अशा राज्यकर्त्याला वडिलांचा पुतळा म्हणजे राजकीय गरज होती. लिओनार्दोनं ती ओळखली होती.

शेवटी तो म्हणतो, की यातलं काही अशक्य वाटत असेल, तर आपण म्हणाल तिथं प्रयोग करून दाखवायला तो तयार आहे.

हा अर्ज चांगला का म्हणायचा?

हा कागद वाचताना चार गोष्टी लगेच दिसतात.

पहिली म्हणजे, अर्ज लिहिणाऱ्याबद्दल त्यात फार कमी आहे. कुठे जन्मला, कुणाकडे शिकला, व्हेरोक्किओ कोण, यातलं काहीच नाही. प्रत्येक मुद्दा समोरच्या माणसाच्या अडचणीपासून सुरू होतो. नदी ओलांडायची आहे, किल्ला घ्यायचा आहे, वेढा पडलाय. मग त्यावर तो काय करू शकतो ते येतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. त्याला सगळ्यात चांगलं काय येतं ते वर आलेलं नाही. समोरच्याला त्या क्षणी सगळ्यात जास्त काय हवं आहे ते वर आलंय.

तिसरी गोष्ट, जे त्याच्याकडे नव्हतं त्याची सफाई देण्यात त्यानं एकही ओळ घालवलेली नाही. लॅटिन येत नाही, संघाची पदवी नाही, याबद्दल माफी नाही आणि सबबही नाही.

चौथी गोष्ट अक्षराची. लिओनार्दो डावखुरा होता आणि स्वतःच्या वह्यांमध्ये उजवीकडून डावीकडे, आरशात बघितल्यासारखं उलटं लिहायचा. या अर्जाचा मसुदा मात्र डावीकडून उजवीकडे, नेहमीच्या पद्धतीनं लिहिलेला आहे. ते अक्षर त्याचं नाही, असं अभ्यासक मानतात. वाचणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून त्यानं सुवाच्य अक्षर असलेल्या कुणाकडून तरी तो लिहून घेतला असावा.

याच सुमारास त्यानं सोबत असलेल्या कामांची एक यादीही करून ठेवली होती. फुलांची रेखाटनं, भट्ट्यांचे आराखडे, जहाजांची साधनं, पाण्याची यंत्रं, मेरीचं एक पूर्ण झालेलं चित्र आणि दुसरं जवळपास पूर्ण झालेलं. आज ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात तो हाच. त्यातही एक काम 'जवळपास' पूर्ण होतं, हे विशेष.

यातलं त्यानं प्रत्यक्षात केलं होतं किती?

हा प्रश्न पोस्ट फिरवणारे सहसा विचारत नाहीत.

तोपर्यंत लिओनार्दोनं एकही लढाई लढलेली नव्हती. एकही किल्ला पाडला नव्हता, एकही तोफ रणात नेली नव्हती. युद्धयंत्रांवरचं त्याचं ज्ञान रेखाटनांमधून आणि वाचनातून आलं होतं. रोबेर्तो वाल्तुरिओ या लेखकाचा युद्धशास्त्रावरचा ग्रंथ 1472 मध्ये छापून आला होता. लिओनार्दोनं तो अभ्यासला होता आणि त्यातल्या यंत्रांचे ठसे त्याच्या रेखाटनांवर दिसतात.

म्हणजे अर्जात अनुभव कमी आणि भरवसा जास्त होता. कारखान्यात धातूचं आणि यंत्रांचं काम बघितल्यामुळे तो भरवसा अगदीच हवेत नव्हता. पण जे करून दाखवू म्हटलं, ते पुढे करून दाखवावंही लागणार होतं.

मग नोकरी लागली का?

लगेच तर नाही. हा अर्ज लुदोविकोच्या हातात पडला याचाही पुरावा नाही. जो कागद शिल्लक आहे तो मसुदा आहे.

मिलानमध्ये लिओनार्दोला मिळालेलं पहिलं मोठं काम दरबाराचं नव्हतंच. 25 एप्रिल 1483 ला एका धार्मिक मंडळानं त्याच्याशी आणि दे प्रेदिस बंधूंशी करार केला. काम होतं चित्राचं. म्हणजे अर्जात जे शेवटी लिहिलं होतं, त्यावरच त्याचं पोट भरलं. 'व्हर्जिन ऑफ द रॉक्स' म्हणून ओळखलं जाणारं ते चित्र. त्याच्या मोबदल्यावरून सुरू झालेला वाद वीसेक वर्षं चालला.

दरबारात जम बसायला त्याला काही वर्षं लागली. तिथंही आधी हाती आली ती करमणुकीची कामं. 13 जानेवारी 1490 ला ड्यूकच्या वाड्यात झालेल्या एका सोहळ्यासाठी त्यानं ग्रहताऱ्यांचा देखावा उभारला आणि त्याची मोठी वाहवा झाली. लुदोविकोची मर्जीतली चेचिलिया गाल्लेरानी हिचं, हातात पांढरा एर्मिन घेतलेलं चित्रही याच काळातलं.

ज्या घोड्याचं आश्वासन अर्जात होतं, तो अखेर त्याच्याकडे आला. पण 1489 च्या जुलैमध्ये फ्लॉरेन्सच्या वकिलानं मिलानहून एक पत्र पाठवलं. लुदोविकोला या कामासाठी आणखी एखादा जाणकार हवा आहे, कारण लिओनार्दोकडून ते पूर्ण होईल याची त्याला खात्री नाही, असा त्याचा मतितार्थ होता. अर्धवट कामांची ख्याती अर्जात लिहिली नव्हती, तरी ती मागोमाग आलीच.

लिओनार्दोनं एप्रिल 1490 मध्ये घोड्याचं काम नव्यानं सुरू केलं. या वेळी त्यानं ते चिकाटीनं रेटलं. दरबाराच्या तबेल्यातले घोडे मोजले, त्यांच्या स्नायूंची रेखाटनं केली, इतका मोठा पुतळा एकसंध कसा ओतायचा याचे आराखडे केले. 1493 मध्ये सात मीटरहून उंच असा मातीचा नमुना लोकांसमोर आला. बघणारे थक्क झाले. त्या नमुन्यानं लिओनार्दोचं नाव इटलीभर झालं.

मग 1494 मध्ये फ्रेंच सैन्य इटलीत उतरलं. घोड्यासाठी जमवलेलं सुमारे 70 टन ब्राँझ लुदोविकोनं तोफा ओतायला फेराराला पाठवून दिलं. घोडा ओतलाच गेला नाही. पुढे लिओनार्दोनं लुदोविकोला लिहिलेल्या एका पत्राचा फाटका मसुदा मिळालाय. दोन वर्षांचा पगार थकल्याचं त्यात आहे. घोड्याबद्दल मात्र तक्रार नाही, दिवस कसे आहेत हे ठाऊक असल्याचं तो सांगतो.

याच मिलानमध्ये साधारण 1495 ते 1498 या काळात त्यानं एका मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर 'द लास्ट सपर' रंगवलं. आणि याच काळात, चाळिशीच्या आसपास, तो वहीत लॅटिन शब्दांच्या याद्या आणि क्रियापदांची रूपं लिहून काढत होता. गणित शिकायला त्यानं लुका पाचोली या गणितज्ञाची सोबत धरली आणि त्याच्या ग्रंथासाठी आकृत्या काढून दिल्या. अर्जात जे रकाने रिकामे होते ते भरायचं काम त्यानं असं उशिरा का होईना सुरू ठेवलं.

1499 मध्ये फ्रेंचांनी मिलान घेतलं. मातीच्या घोड्यावर धनुर्धाऱ्यांनी नेमबाजी केली आणि तो उद्ध्वस्त झाला. लुदोविको पुढच्या वर्षी पकडला गेला आणि 1508 मध्ये फ्रान्समध्ये कैदेतच वारला.

अर्जातली नोकरी वीस वर्षांनी मिळाली

लिओनार्दो पुन्हा बेकार झाला. वय 47.

1502 मध्ये त्याला चेझारे बोर्जा या सेनापतीनं आपला वास्तुरचनाकार आणि अभियंता नेमलं. त्या ऑगस्टमध्ये बोर्जानं एक फर्मान काढलं. या माणसाला कुठल्याही किल्ल्यात जाऊ द्या, हवं ते मोजू द्या, लागेल ती मदत करा, असा त्याचा आशय. 1482 मध्ये ज्या कामाची मागणी केली होती ते असं वीस वर्षांनी हाती आलं. इमोला शहराचा त्यानं केलेला नकाशा आजही अचूकतेसाठी नावाजला जातो. पण ही नोकरीही काही महिन्यांचीच ठरली.

याच सुमाराला त्यानं आणखी एक अर्ज केला, थेट इस्तंबूलच्या सुलतानाकडे. दुसऱ्या बायेझिदला लिहिलेल्या त्या पत्राचा तुर्की तर्जुमा 1952 मध्ये तोपकापी राजवाड्याच्या दप्तरात सापडला. पद्धत तीच. पवनचक्की, जहाजातलं पाणी उपसायचं साधन, गलाता ते इस्तंबूल असा पूल आणि आशियाच्या किनाऱ्यापर्यंत आणखी एक पूल. गलाताच्या पुलाचं रेखाटन त्याच्या वहीत आहे. खांबांशिवाय एकाच कमानीत सुमारे 240 मीटरचा पल्ला. सुलतानानं तो बांधला नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी त्याचा छोटा नमुना जोडून तपासला. तो नीट उभा राहिला. म्हणजे हा अर्ज नाकारला गेला तो आतला मजकूर खोटा होता म्हणून नव्हे.

उलट बाजूही आहे. 1504 मध्ये फ्लॉरेन्सनं पिसा शहराचं पाणी तोडायला आर्नो नदीच वळवायचा घाट घातला. त्या योजनेत लिओनार्दोचा सल्ला होता. कालवे ढासळले आणि योजना गुंडाळावी लागली. पाणी हवं तिथं नेता येतं, हा अर्जातला दावा तिथं तरी खरा ठरला नाही.

त्याच वर्षी वडील वारले. बारा मुलं मागे होती. वारशात लिओनार्दोला काहीच मिळालं नाही. पुढे काकांनी ठेवलेल्या मालमत्तेसाठी त्याला सावत्र भावांशी कोर्टात भांडावं लागलं. जन्माच्या वेळी जी वाट बंद झाली होती ती पन्नाशीतही बंदच होती.

शेवटच्या नोकरीला अर्ज लागला नाही

1516 मध्ये फ्रान्सचा तरुण राजा फ्रान्सिस पहिला यानं त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. पद होतं राजाचा पहिला चित्रकार, अभियंता आणि वास्तुरचनाकार. राहायला आंब्वाजच्या किल्ल्याजवळ स्वतंत्र वाडा आणि वर्षाला भरघोस मानधन. या पदनामात चित्रकार हा शब्द आधी आला.

सोबत तो मोनालिसा घेऊन आला होता. 1503 च्या सुमारास हाती घेतलेलं ते चित्र त्यानं गिऱ्हाइकाला कधी दिलंच नाही. 1517 मध्ये त्याला भेटलेल्या एका प्रवाशानं लिहून ठेवलंय, की त्याचा उजवा हात लुळा पडला होता. अर्धवट कामं आणि वह्यांचा ढीग अजूनही आसपास होता. फक्त आता त्याच ढिगामुळे राजा त्याला मान देत होता. 2 मे 1519 रोजी, वयाच्या 67 व्या वर्षी, तो तिथंच वारला. वह्या त्याचा शिष्य फ्रान्चेस्को मेल्झी याच्याकडे गेल्या. पुढे त्या विखुरल्या आणि त्यातल्या एका मोठ्या बाडात त्या अर्जाचा मसुदा टिकून राहिला.

म्हणून त्या व्हायरल पोस्टचं उत्तर असं. लिओनार्दोचा अर्ज उत्तम होता, कारण तो समोरच्याची गरज ओळखून लिहिलेला होता. पण त्या कागदावर त्याला लगेच नोकरी लागली असं दाखवणारं काही हाती नाही. कागदानं फार तर दार उघडलं असेल. आत गेल्यावर विश्वास बसायला आठ-दहा वर्षं आणि सात मीटरचा मातीचा घोडा लागला. अर्जात लिहिलेली कामं समोरच्याला आपली गरज वाटायला हवीत, आणि त्यातलं काहीही करून दाखवा म्हटलं तर दाखवता यायला हवं. बायोडेटा उघडून बसलेल्या कुणालाही आज एवढ्या दोन गोष्टी तपासून घेता येतील.